न पाहिलेल्या मशीनचं पत्रक

"बायांनो, बोटं रक्ताळेपर्यंत किती दिवस वेचायचं?"

हे वाक्य माझं. मी ते दोनदा वापरलं. पहिल्यांदा पत्रकात. त्याच्या खालची ओळ होती, "वेचणीचा दर वाढवून मागा, सगळ्या मिळून मागा." दुसऱ्यांदा मोबाइलवरच्या जाहिरातीत. तिथे खालची ओळ होती, "आजच ऑर्डर करा, पैसे माल हातात आल्यावर." लाज त्या दुसऱ्या वेळेची आहे.

मी धुळ्यातल्या देवपूरचा. पत्रकं लिहायला शिकलो आबांकडे. आबांचा धुळ्यात जुना छापखाना. पोट लग्नपत्रिकांवर, आणि चळवळीची पत्रकं कागदाच्या भावात. विहारातल्या अभ्यासिकेला दिवे मिळावेत म्हणून मी पहिलं पत्रक लिहून नेलं, तेव्हा त्यांनी पेन्सिल घेऊन निम्मं उडवलं. "'सदरहू' काढ. 'यास्तव' काढ. वाचणारा उभा आहे, त्याला ऊन लागतंय." तेव्हापासून मी उभ्या माणसासाठी लिहीत आलो. शिष्यवृत्ती, वसतिगृह, पाणी, रोजगार हमी. लोक म्हणायचे, याच्या पत्रकाला हात लावला की चटका बसतो. ऐकून मला बरं वाटायचं. जरा जास्तच बरं वाटायचं.

कापूस वेचणाऱ्या बायांचं काम त्यातूनच आलं. शिंदखेडा तालुक्यातल्या एका गावात आम्ही सभा घेतली. ती जमवली अक्कानं. अक्का म्हणजे त्या गावातल्या वेचणीच्या टोळीची म्होरकी. शेतकऱ्याशी बोलणं तिचं, दर ठरवणं तिचं, सकाळी बायांना टेम्पोत बसवणं तिचं. स्वतः अंगठेबहाद्दर, पण काट्यावरचं वजन लांबून वाचायची. सभेत आम्ही एक वही फिरवली. नाव, गाव, मोबाइल, सही किंवा अंगठा. पुढच्या सभेचा निरोप देता यावा, एवढ्यासाठीच. बाया नंबर द्यायला कचरत होत्या. अक्का म्हणाली, "लिखी द्या वं. आपला भाऊ शे." मग वही भरली. आजूबाजूच्या गावांतल्या बायाही आल्या होत्या, त्यांनीही लिहून दिलं.

पत्रकं लिहून पोट भरत नाही. स्पर्धा परीक्षा दोनदा देऊन झाली होती. वडील रागवायचे नाहीत, पण जेवताना एखादं वाक्य टाकायचे. "जगाचा दर वाढवतोस, चांगलं आहे. घराचा कधी वाढवशील?" आई भाकरी थापत राहायची. त्या काळात जळगावच्या एका मित्रानं बोलावलं. कॉलेजात बरोबर होता. एका खोलीत लॅपटॉप, तीन फोन आणि एक गादी, एवढ्यावर त्यानं दुकान मांडलं होतं.

मी म्हटलं, "दुकान कुठंय?"

"हेच."

"माल?"

"माल दिल्लीकडे एकाजवळ आहे. त्याला मीही पाहिलेलं नाही. गिऱ्हाईक आपल्या पानावर ऑर्डर टाकतं, आपण ती पुढे ढकलतो, तो परस्पर पार्सल पाठवतो. पार्सलवर नाव आपल्या दुकानाचं. मधला फरक आपला."

"मग आपण करतो काय?"

"आपण बोलतो," तो म्हणाला. "आणि तुझ्यासारखं बोलणारा माझ्या ओळखीत दुसरा नाही. तू लोकांना मोर्चाला उन्हात आणतोस. घरबसल्या एक बटण दाबायला लावणं तुला जड आहे का?"

हे कौतुक मी घेतलं. तिथेच नाही म्हणायला हवं होतं. दलालांविरुद्ध मी निदान चार पत्रकं काढली असतील. मधल्यामध्ये खाणारा, मालाला हात न लावणारा, शेतकऱ्याला आणि गिऱ्हाइकाला दोघांनाही न ओळखणारा. हे सगळं मीच लिहिलेलं. धुळ्याला परत येताना एसटीत मला त्यातलं काही आठवलं नाही. दुकानाला काय नाव द्यावं, याचा विचार करत मी आलो.

मोबाइलचे स्टँड विकून पाहिले, भाजी चिरायची यंत्रं विकून पाहिली. कुणी विचारलं नाही. मग पुरवठादाराच्या यादीत मला ते दिसलं. हातात धरायचं, बॅटरीवर चालणारं, कापूस वेचायचं मशीन. बरोबर व्हिडिओ होता. पांढरंशुभ्र शेत, एक हात, बोंडाला मशीन लावलं की कापूस आत. शेवटी दोन सेकंद असे होते की मशीनमध्ये वाळलेलं पान अडकतं आणि तो हात ते ओढून काढतो.

मी ते दोन सेकंद कापले.

इतर सगळ्या गोष्टींना मी कारणं देऊ शकतो. बेकारी, मित्र, वडिलांचं बोलणं. त्या दोन सेकंदांना कारण नाही. कापसाच्या मुलखात वाढलेल्या माणसाला पऱ्हाटीवर वाळलेली पानं किती असतात ते माहीत असतं. मलाही होतं. मित्राला मी एवढंच विचारलं, "एक सॅम्पल मागवू का?" तो म्हणाला, "मागवू नको. हातात घेतलं की मन खट्टू होतं, मग लिहिता येत नाही." मी मागवलं नाही.

वही आबांच्या छापखान्यात कपाटावर होती. आबा छपाईच्या मशीनची शाई पुसत होते, तेव्हा मी पानांचे फोटो काढले. त्यांनी पाहिलं. पुढच्या सभेसाठी असेल, असंच त्यांना वाटलं असणार. नवं सिमकार्ड घेतलं, त्यावर दुकानाचं नाव टाकलं, आणि वहीतल्या एकेका नंबरला व्हिडिओ आणि ते वाक्य पाठवलं. बायांनो, बोटं रक्ताळेपर्यंत किती दिवस वेचायचं?

ऑर्डरी आल्या. फोन वाजला की छातीत गोड वाटायचं, खोटं कशाला बोलू. आईला मी म्हटलं, काम मिळालंय. ती म्हणाली, कसलं? म्हटलं, लिहिण्याचं.

पंधरा दिवसांत तक्रारी सुरू झाल्या. मशीन अडकतं. चार्ज होत नाही. एकीला डबा रिकामाच आला. मी फोन घेत नव्हतो, माझा आवाज ओळखीचा होता ना. लिहून उत्तर द्यायचो, "आपली तक्रार नोंदवली आहे. सात दिवसांत संपर्क साधू." यातला 'संपर्क साधू' आबांनी पेन्सिलीनं उडवला असता. पुरवठादाराला कळवलं तर तो म्हणायचा, माल तपासूनच पाठवलाय. सात दिवस झाले की मी पुन्हा तेच वाक्य पाठवायचो.

मग अक्काचा फोन आला. दुकानाच्या नंबरवर नाही, माझ्या स्वतःच्या.

"भाऊ, गावले ये. काम शे."

"काय झालं अक्का?"

"फोनवर सांगाले जमाव नही. बाजारना दिन ये. बाया घर राहतीस."

गेलो. शिंदखेड्यापर्यंत एसटी, पुढे रिक्षा. अक्काच्या ओट्यावर दहा-बारा बाया बसल्या होत्या. एरवी मी आलो की त्या सरकून जागा करायच्या. आज केली नाही. अक्कानं आतून तीन मशीनं आणून माझ्यापुढे ठेवली.

"हाई देखी ले."

मी एक उचललं. माझ्या दुकानातला माल मी पहिल्यांदा हातात घेतला, तो असा. खेळण्यातल्या बंदुकीसारखं हलकं प्लास्टिक. तोंडाशी दोन दातेरी चाकं, त्यात पानांचा चुरा आणि हिरव्या बांगडीचा तुकडा.

"काय करतं हे?" मी विचारलं. खरंच विचारलं, न पाहिल्यासारखं.

"बठ्ठं खास," अक्का म्हणाली, म्हणजे सगळंच खातं. "पाला खास, बोंड खास, मन्ही बांगडी खाई गयं. कापूस तेवढा सोडी देस."

एक-दोघी हसल्या. मागे बसलेली एक तरणी बाई हसली नाही. ती म्हणाली, "आते इचारा ना अक्काले, कमिशन किती भेटनं?"

 अक्कानं तिच्याकडे पाहिलंही नाही. माझ्याकडे पाहून सगळं सांगितलं. मोबाइलवर निरोप आला होता. सुनेनं वाचून दाखवला. अक्कानं बायांना गोळा केलं, वर्गणी काढून तीन मशीनं मागवली. दुप्पट वेचणी होईल या भरवशावर एका मोठ्या शेतकऱ्याला आठ दिवसांत रान मोकळं करून देते म्हणून शब्द दिला. पहिल्या दिवशी कापसात एवढा पाला आला की शेतकऱ्यानं काट्यावरून गाठोडं परत फिरवलं. तिसऱ्या दिवशी त्यानं दुसऱ्या गावची टोळी आणली. आता टोळीत बोलणं चाललं होतं की अक्काला कंपनीनं पैसे दिले, म्हणूनच तिनं एवढा आग्रह धरला. दोघी टोळी सोडून गेल्या होत्या. टोळीच्या म्होरकीजवळ शब्दाशिवाय दुसरं भांडवल नसतं. तोच गेला तर उद्या टेम्पोत तिच्यामागे कोण चढणार?

"पण अक्का, तुम्ही विश्वास ठेवलाच कसा?" मी विचारलं. विचारायची हिंमत कुठून आली, मला ठाऊक नाही. बहुतेक सवय. सभेत असे प्रश्न विचारायची सवय.

"सूननी वाचं, तव्हय मी सांगं, हाई तं आपला भाऊनं लिखेल वाटस. तेच बोलनं. रक्त, बोटं." ती जरा पुढे सरकली, आवाज खाली आणला. "भाऊ, तुन्हं लिखेल चोरं त्यासनी. तुलेबी फसाडं."

तिला माझी कीव आली होती. बारा बायांच्या संशयात बसलेली बाई माझी समजूत घालत होती. मी मान हलवली. "हो" म्हणालो की नुसती मान हलवली, आठवत नाही. काही फरक पडत नाही.

"आते तू पत्रक काढ," ती म्हणाली. "तुन्हं पत्रक बठ्ठासले पटस. त्यामा लिख, कंपनी कोनी शे, कोठली शे, आनि अक्काले एक पैसा भेटना नही. येनारा बाजारले वाटी दे."

मी म्हणालो, "काढतो."

आणि काढलंही. दुसऱ्याच दिवशी दुपारी बसून एका दमात लिहिलं. सांगायची लाज वाटते, पण ते माझं सगळ्यात चांगलं पत्रक होतं. "चोराला चेहरा नाही, दुकानाला दार नाही, आणि कष्टकरी बाईला दाद मागायला जागा नाही." असं लिहिताना मला राग येत होता, अगदी खरा राग. कुणावर येत होता, हे मी स्वतःला विचारलं नाही. कागद घेऊन आबांकडे गेलो.

आबांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. पेन्सिल उचलली नाही. मग म्हणाले, "पुढं?"

"पुढं काय? एवढंच."

"कुणाविरुद्ध आहे?"

"ऑनलाइन लुटारूंविरुद्ध."

"लुटारू राहतात कुठं? सोसायटीविरुद्ध काढलं तेव्हा चेअरमनचं नाव घातलं. ठेकेदाराविरुद्ध काढलं तेव्हा त्याच्या बंगल्याची गल्ली घातली. नाव नाही, पत्ता नाही, त्याला मी पत्रक म्हणत नाही, त्याला कीर्तन म्हणतो. त्या बाईवर आळ आलाय. चोराचं नाव कळल्याशिवाय आळ कसा जाईल तिचा? पार्सलवर दुकानाचं नाव असेल ना? घाल ते. शोध पत्ता. तू एवढा मोबाइलवाला."

"सापडणार नाही, आबा."

"का?"

कंपोझच्या संगणकापाशी कुणाच्या तरी मुंजीची पत्रिका उघडी होती. मी तीच वाचत राहिलो. मग म्हणालो, "पत्ता देवपूरचा आहे."

आबांनी चष्मा काढला.  मला वाटलं, हाकलून देतील. हाकललं असतं तर सुटलो असतो.

"वहीवरून?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मी इथंच उभा होतो तेव्हा."

"हो."

त्यांनी माझं पत्रक घडी करून माझ्या खिशात ठेवलं. "हे मी छापणार नाही. छापलं तर त्या बाईला तिची सून वाचून दाखवणार, आणि तू इथं बसणार. आधी जा आणि तोंडानं सांग. कागदामागं लपायला मीच शिकवलं तुला, असं होईल नाहीतर." एवढं बोलून ते मुंजीच्या पत्रिकेकडे वळले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी गेलो. तीन मशीनांचे पैसे बरोबर नेले होते, ते द्यायला सोपे गेले. अक्कानं विचारलं, "पत्रक आनं का?" मी म्हणालो, "अक्का, आधी तुमच्याशी बोलायचंय, आत." ती म्हणाली, "आत कसाले? आळ तं ओट्यावर उना." आणि तिनं बायांना हाका मारल्या.

मी बसून बोलायला लागलो. अक्का म्हणाली, "उभा राहीसन सांग. सभामा उभा राहस ना?"

उभा राहिलो. आयुष्यात एवढ्या सभा केल्या, पण हात कुठे ठेवायचे ते त्या दिवशी कळेना. दुकान माझं आहे म्हणालो. निरोप मी पाठवला, नंबर वहीतून घेतले. मशीन मी पाहिलं नव्हतं, व्हिडिओतून पान अडकलेलं कापून टाकलं. अक्काला काही मिळालेलं नाही, तिला माहीतही नव्हतं. पाच-सहा वाक्यं. त्यात एकही चांगलं वाक्य नव्हतं.

कमिशनचं बोललेली बाई पदराचं टोक पिळत बसली होती. अक्कानं तिच्याकडे वळून विचारलं, "ऐकं का?" ती हूं म्हणाली. अक्का सगळ्यांकडे पाहून म्हणाली, "बठ्ठ्यासनी ऐकं ना? झायं मंग." तिच्या खांद्यावरून काहीतरी उतरलेलं दिसलं. माझ्याकडे वळली तेव्हा तो चेहरा नव्हता.

"चोर राहता तं बरं व्हतं," ती म्हणाली. "चोरले मी वळखत नही. तुले वळखस."

मी म्हणालो, "चुकलो अक्का."

"ते मन्हापुरतं झायं. आते बहीनना गावले जा. तिनी बी मन्हं ऐकीसन मशीन मांगाडं. तठे बी तिनंच नाव निंघस. अठेच, तीन कोस." तिनं रिक्षावाल्याला हाक मारून सांगितलं, याला अमुक गावी सोड. आणि मला म्हणाली, "मी फोन करी ठेवस."

रिक्षा फाट्यापर्यंत गेली. डावीकडे बहिणीचं गाव, उजवीकडे शिंदखेडा. मी म्हणालो, "उजवीकडे घे."

"अक्कानं तं डावीकडे सांगं," रिक्षावाला म्हणाला.

"माहीत आहे. उजवीकडे घे."

त्यानं आरशात एकदा पाहिलं आणि घेतली उजवीकडे. एका दिवसात एकदाच पुरे, असं मी स्वतःला सांगितलं. झालं की एवढं, उद्या जाऊ. घरी येऊन जेवलो. झोपही लागली, हेही सांगून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. गावात विचारलं तर म्हणाले, टोळी वावरात आहे. बांधापर्यंत चालत गेलो. अक्काची बहीण अक्काहून बारीक, डोक्याला फडकं, कमरेला कापसानं फुगलेली ओटी. तिनं मला पाहिलं, हात थांबवला नाही.

"काल येनार व्हता ना तू?"

"हो. जमलं नाही."

"बहीनना फोन उना. भाऊ येस, बायासले बसाडी ठेव. आम्ही अर्धा दिन वेचनी सोडीसन बसनूत." तिनं बोंडातून कापूस ओढला. "मालक वरडना. काल्हनी मजुरी अर्धी."

 किलोमागे दर वाढवून मागा, असं ज्या बायांना मी छापून सांगितलं होतं, त्यांचा अर्धा दिवस मी फाट्यावर उजवीकडे वळून खाल्ला होता. मी म्हणालो, "सगळ्यांना बोलवा, सांगतो."

"आज कोनी बसाव नही," ती म्हणाली. "वेचता वेचता ऐकतीस. चाल मांगे."

बाया आपापल्या पातीनं पुढे सरकत होत्या. मी त्यांच्या मागे सरीतून चालत बोलू लागलो. पऱ्हाटी कमरेएवढी, वाळलेली पानं पॅन्टला चिकटत होती. दुकान माझं, निरोप माझा, नंबर वहीतले. कुणी मान वर केली नाही. पातीच्या पार टोकाला एक म्हातारी वेचत होती, ती पुढे निघून गेली होती. बहिणीनं तिकडे बोट केलं.

"तिले ऐकू गयं नही. तिनंबी मांगाडेल व्हतं. जाय, तठे जाईसन पहिलेपासून सांग."

मी तिच्या पातीकडे निघालो.